दोरी रोज एक वीत

ता. ३, सोमवार

आधी तक्रार ऐका, नमस्कार नंतर करते. तुमचं पेन गळतं. कोंबड्या फुकट दिल्यात म्हणून पेनही असलं द्यायचं का? पहिली ओळ लिहिली तर तीन बोटं निळी झाली, आणि सून म्हणते, आई, पदराला पुसू नका. पदर माझा, बोटं माझी, हिचं काय जातं?

असो. नमस्कार ताई. अंड्यांच्या शेडमधून सोडवलेल्या तुमच्या कोंबड्या पोचल्या. मी काल पोचले, त्या आज. दोन जिने चढणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून मुलानं मला कायमची इथं आणली. फ्रिज दुरुस्त करायचा त्याचा धंदा. त्याच्याच व्हॅनमधून आले, दोन बिघडलेल्या फ्रिजच्या मधे बसून. म्हटलं, बरं झालं, उतरेपर्यंत नासणार नाही. तो इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मलाही बरं वाटलं. दाखवलं नाही.

घर चांगलं आहे. पुढची खोली, तिथं दाराशी माझी खाट. मग मधली खोली, तिला लागूनच न्हाणीघर. मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागल्या दारातून अंगण, मधल्या खोलीच्या खिडकीपर्यंत वळलेलं. मला दाराशी का टाकलंत, मी काय राखणदार आहे का, असं विचारून घेतलं. सून म्हणाली, तुम्हाला वारा लागतो ना, म्हणून. उत्तर बरोबर होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

नात सात वर्षांची. मी तिला टिकली म्हणते, कारण एवढीशी आहे आणि चिकटली की सुटत नाही. आल्यापासून माझ्या कमरेला आहे. तिनं विचारलं, आजी, तू पण सोडवून आणलेली आहेस का? म्हटलं, हो, पण मी अंडी देत नाही, आधीच सांगून ठेवते.

ता. ४, मंगळवार

कोंबड्या कशा वागतात ते रोज लिहा, घरचं रामायण नको, तेवीस तारखेच्या रविवारी येऊन बघते, असं तुम्ही सुनेला बजावलंत म्हणे. ती दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर लिहिते, म्हणून तिनं वही माझ्या अंगावर टाकली. मी चौथी पास. चौथीतसुद्धा मास्तर माझी पाटी बघून कपाळाला हात लावत. जोडाक्षरं चुकली तर मास्तरांना बोला.

तर कोंबड्या. सहा आहेत. पिसं कमी, कातडी जास्त. माना उघड्या, तुरे फिके पडून एका बाजूला लोंबलेले, चोचींची टोकं कापलेली, नखं वाढून वाकडी झालेली. बाजारात कुणी असल्या दाखवल्या असत्या तर मी त्याला दोन शब्द ऐकवले असते.

अख्खं अंगण मोकळं पडलंय आणि या बाया कोपऱ्यात, उशीएवढ्या जागेत, एकमेकींना चिकटून उभ्या. पिंजरा नाही, तरी पिंजऱ्याच्या मापात. दाणे पायाशी टाकले तर खाईनात. कुंपणाच्या फळ्यांमधून माना बाहेर काढून उभ्या राहिल्या, सगळ्या एकाच दिशेला. तिकडं काय आहे? गल्लीची भिंत. शेवटी टिकली वाटी घेऊन गल्लीत गेली, बाहेरून धरली, तेव्हा खाल्लं.

तुम्ही दिलेली निळी दोरी त्यांच्याभोवती खुंट्यांना बांधली. ही त्या शेडमधलीच, पिंजरे बांधायची, म्हणजे त्यांना ओळखीची वाटेल, असं तुम्ही म्हणालात. रोज एक वीत पुढे सरकवायची. वीत कुणाची, ते नाही सांगितलंत. मी माझी धरली. सुनेची लांब आहे, पण तिला वेळ नाही.

ता. ७, शुक्रवार

सकाळी दोरी सुटून मातीत पडली होती. तरी एकीनंही पाय बाहेर टाकला नाही. दोरी होती तिथंच येऊन थांबतात आणि मागं फिरतात. दोरी काय, नुसती खूण. अडवणारं दुसरंच काहीतरी त्यांच्या पायात आहे.

अंगावर सावली पडली की मटकन खाली बसतात, पंख अर्धे पसरून, मान आत घेऊन. वाळत टाकलेली चादर हलली तरी बसतात. टिकली हसायची. मी तिला म्हटलं, तुझा बाप लहानपणी गणिताची वही काढली की असाच बसायचा. बापानं ऐकलं आणि म्हणाला, आई, आता पोरीदेखत तरी सोड.

त्यांच्यात मानपान आहे हो. एक जाडी आहे, तिचं नाव मी सासूबाई ठेवलं. ती आधी खाते. मग बाकीच्या, आणि सगळ्यांत शेवटी लंगडी. लंगडीच्या मानेवर एक पीस नाही. मी समजत होते की पिंजऱ्याच्या तारेनं घासून गेली असतील. आज बघितलं. सासूबाई तिच्या शेजारी शांत उभी, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधेच एक पीस उपटते. रागानं नाही. सहज. आपण बोलता बोलता चादरीचा सुटलेला दोरा ओढतो ना, तसं. आणि लंगडी हलत नाही. तिला दोरीच्या आतली अख्खी जागा मोकळी आहे, पण ती सासूबाईंजवळच उभी राहते.

मी सासूबाईंच्या पाठीत चप्पल घातली. लिहायचं होतं ना खरं? लिहिलं.

ता. १२, बुधवार

आनंदाची बातमी. त्या धीट झाल्या तशी शेवटी वीत सोडून ढांगेनं सरकवली, आणि दोरी कुंपणाला टेकली. अंगण सगळं त्यांचं झालं. लंगडी आज एकटी पार पाण्याच्या नळापर्यंत गेली, तिथल्या धुळीत लोळली, पाय वर करून, जशी काही मेलीच. मी धावले. तर उठून अंग झाडलं आणि माझ्या तोंडावर सगळी धूळ. पिसंही फुटायला लागलीत, काड्यांसारखी. खरं सांगू, बघत राहावंसं वाटतं.

दोरी सोडली. सून म्हणाली, टाकून द्या, तिला शेडचा वास आहे. टाकायची कशाला? चांगली नायलॉनची, पिळाची. अंगणात आता कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही, सासूबाई टॉवेलवर बसून कार्यक्रम उरकते. म्हणून मुलाला खिळे ठोकायला लावले आणि मधल्या खोलीत, खिडकीच्या बाजूला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी आडवी बांधली. सून तोंड वाकडं करून गेली. पण तिचेच ब्लाउज आधी वाळले.

ता. १५, शनिवार

कोंबड्या मजेत. तुरे लाल होऊन उभे राहिले. आता हाक मारली की पळत येतात.

घरात जरा आळस शिरलाय. मुलगा दोन दिवस कामाला गेला नाही. अंग मोडून आलंय म्हणाला. सुनेनंही रजा टाकली. दोघं आणि टिकली मधल्या खोलीत, दोरीच्या पलीकडं, खिडकीशी गाद्या टाकून पडलेले असतात. पत्ते खेळतात, हसतात. म्हटलं, बरंय, कधी नाही ते घर एका जागी बसलं. मला बोलावलं नाही, तेवढं लागलं. चहा मात्र माझ्याच हातचा हवा. मी नेऊन द्यायचा, दोरीखालून.

ता. १७, सोमवार

कोंबड्यांचं उद्या लिहिते. आज हे लिहू द्या.

तिघं दोरीच्या अलीकडं येत नाहीत. न्हाणीघर तिकडंच आहे, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. आज मुलाचा फोन पुढच्या खोलीत वाजत होता, गिऱ्हाइकाचा असणार. म्हटलं, ऊठ, घे. म्हणाला, घेतो. उठला, दोरीपाशी आला, थांबला, वळला आणि जाऊन बसला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, कुठं काय? फोन वाजून वाजून थांबला.

मी त्याला चांगला फैलावर घेतला. बायको कमावते म्हणून लोळतोस का, असंही बोलले. एरवी तो उलट बोलतो. आज मी हात वर केला, नुसता बोलण्याच्या भरात, आणि माझ्या हाताची सावली त्याच्यावर पडली.

मटकन खाली बसला. मान आत घेऊन.

ता. १८, मंगळवार

जेवताना बघितलं. ताटं मी दोरीखालून गादीपाशी सरकवली. कुणी हात लावेना. तिघंही खिडकीच्या गजांतून तोंडं बाहेर काढू बघत होते, एकाच दिशेला. डोकी जाणार कशी? गजांचे वळ उठले गालांवर. मी ताटं घेऊन अंगणात गेले आणि बाहेरून गजांपाशी धरली.

खाल्लं. आधी सुनेनं, मग मुलानं. टिकलीनं शेवटी. तिच्या वाट्याला थोडंच उरलं.

बाहेर माझ्या पायाशी कोंबड्या उभ्या होत्या. माना तिरक्या करून, एकेक डोळा आत लावून.

ता. १९, बुधवार

आज टिकलीची वेणी घालायला दोरीपाशी बोलावली. ती पलीकडं, मी अलीकडं. केस वर उचलले तर मागं मानेवर रुपयाएवढं टक्कल. लालभडक, मधे मधे रक्ताचे ठिपके.

आधी वाटलं, कोंबडीनं केलं. पण ती आठवडाभर अंगणात गेलेलीच नाही.

विचारलं तर म्हणाली, आई करते. रागावून नाही करत, आजी. गोष्ट सांगता सांगता करते.

मी दोरीपाशी नजर ठेवून बसले. दुपारी सुनेनं तिला जवळ घेतलं, थोपटलं, डोळे अर्धे मिटले. मग दोन बोटांत चार केस धरले आणि उपटले. तोंडात घातले. मी किंचाळले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, आई, तुम्हाला काही हवंय का?

सून तिखट आहे पण वाईट नाही हो. पोरीला ताप आला तर तीन रात्री उभी राहणारी बाई आहे. ही ती नाही.

टिकलीला म्हटलं, सरक, लांब बस. तिला जागा आहे सरकायला. सरकत नाही. आईलाच चिकटून बसते.

ता. २०, गुरुवार

दोरी काढली. सुरीनं कापली, अंगणात नेऊन जाळली. काळा धूर, आणि वास असा की शेड मी बघितली नाही पण आता मला माहीत आहे. कोंबड्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.

आत आले. तिघं तिथंच. दोरी होती तिथपर्यंत येतात, वळतात. फरशीवर काही नाही, हवेत काही नाही. ताई, तुमच्या कोंबड्यांच्या पायातलं ते यांच्या पायात आलंय. मी बांधली ती दोरी. मी.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना गाठलं, हाताला धरून आणलं. मुलानं आतूनच ओ दिली. इतक्या गोड आवाजात तो माझ्याशी जन्मात बोलला नाही. म्हणाला, या ना डॉक्टर, आम्ही मजेत आहोत, आईला जरा नवीन घरात करमत नाही. सून आतून हसली. डॉक्टर पुढच्या खोलीतूनच मागं फिरले. मला झोपेच्या गोळ्या देऊन गेले. मला!

दूधवाल्यानं हाक मारली तर त्यालाही तसंच. सगळं ठीक आहे, उद्या या.

टिकली तेवढी काही म्हणत नाही. तिला विचारलं तर खरं सांगते. भूक लागली म्हणते. दुखतं म्हणते.

ता. २१, शुक्रवार

आज तिला नेणार. व्हॅन नको, काही नको, हाताला धरून रस्त्यापर्यंत न्यायची, मग बघू. दोघं झोपलेत, भर दुपारी, उभ्यानं, भिंतीला टेकून.

—

ओढली. दोरीच्या जागेपाशी आली आणि असं ओरडली की मला वाटलं पाय मोडला. सुटली हातातून. मागं जाऊन पडली, कपाळ फरशीवर आपटलं.

मी विचार केला नाही. पोर पडली, मी आत गेले. उचलली. छातीशी धरली. आणि वळले बाहेर यायला.

फरशी दिसते. माझी खाट दिसते. खाटेवर चष्म्याचं घर. चार पावलं. पाय उचलला की असं होतं, जसं जिन्याची पायरी नसताना पाऊल टाकावं. दहादा उचलला असेल. आता बसलेय.

वही कमरेला होती. पेन गळतंय.

ता. २२

मागलं दार मी उघडंच ठेवलं होतं. कोंबड्या आत आल्या. घरभर फिरतात. सासूबाई माझ्या खाटेवर. लंगडी दोरीच्या जागेपाशी आली, पलीकडं उभी राहून बघत होती. मग तिनं पाय उचलला, आत आली, पाणी प्यायली आमच्या तांब्यातलं, आणि बाहेर गेली. सहज.

तिला जमतं.

खायला कोण देणार आता. मी देत होते.

मुलाचा फोन तिकडं फळीवर. दिसतो.

टिकलीला माझ्या आणि भिंतीच्या मधे ठेवलीय. सुनेला हात लावू देत नाही. चावले तिला एकदा. तिनं मान खाली घातली आणि बाजूला झाली. आता ताटं असती तर आधी मी—

हे असलं मनात येतं. कुठून येतं?

संध्याकाळी

दूधवाला आला. हाक मारली. मी म्हटलं, आता ओरडायचं, वाचवा म्हणायचं, पोर मरतेय म्हणायचं. तोंड उघडलं. माझाच आवाज, पण लोण्यासारखा. सगळं ठीक आहे हो. उद्या या.

गेला तो.

टिकली माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, मी नाही गं, ती मी नाही. ती रडली नाही. जराशी लांब सरकली, आणि परत जवळ आली.

डोळे मिटतात. अर्धेच. तिच्या केसांना चांगला वास येतो.

रविवार असावा

दातात काहीतरी अडकलंय. बोटानं काढलं.

केस. काळे. बारीक.

माझे पांढरे आहेत.

—

हात बांधून घेतले होते पदरानं, एक सोडलाय लिहायला. वही गजांतून अंगणात टाकतेय, नळापाशी. तुम्ही कोंबड्या बघायला आज येणार, आधी अंगणातच याल. कोंबड्या छान आहेत. ते नंतर बघा.

वाचा बाई नीट. टिकली आपली आपण येणार नाही. तिला उचलावी लागेल, जशा त्या सहाजणी उचलल्यात, काखेत दाबून. ओरडेल. पाय मोडल्यासारखी ओरडेल. थांबायचं नाही. पण दोरी होती त्याच्या आत पाऊल टाकू नका, मी टाकलं तसं टाकू नका. बाहेरून, गजातून नाही, दारातून काठीनं, चादर टाकून, कसंही, ओढा.

दारात उभं राहून हाक मारा. मुलगा ओ देईल. सून देईल. या ना ताई म्हणतील. ऐकायचं नाही. हाक पोरीच्या नावानं मारायची आणि ओ तिनंच द्यायची. तिनं एकटीनं, तीच अजून खरं बोलते. दुसऱ्या कुणी दिली तर गप्प राहून परत तिलाच मारायची. मी दिली तरी. मी तर फार गोड देईन, तुमचं पेन गळतं म्हणून हसेनसुद्धा, तरी मला नाही, ओ टिकलीनंच—